देखाव्यातली, मालिकेतली, आखाड्यातली मुलं : नियम बदलायचे तर कसे? (कोल्हापूर)

सईची_आई (धागा)

गणपती दोन महिन्यांवर आलेत. आता पेठापेठांत देखाव्याच्या बैठका बसतील. विषय ठरेल, मग कुणाच्या पोराला बाल शिवबा करायचं नि कुणाच्या पोरीला भवानीमाता, तेही ठरेल. एकदा तालमी सुरू झाल्या की कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नसतं, म्हणून आधीच हा विषय काढतेय.

सजीव देखावे ही आपल्या गावाची शान आहे. मी स्वतः लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून ते बघितलेत. पण बघणाऱ्याला तो पंधरा-वीस मिनिटांचा प्रयोग असतो आणि करणाऱ्या पोराला तोच प्रयोग रात्रभर करायचा असतो. पडदा पडला, गर्दी पुढं सरकली की पाच मिनिटांत परत पहिल्यापासून. ज्या दिवसांत रात्री १२ पर्यंत स्पीकरला सवलत असते त्या दिवसांत तर रस्ता मोकळाच होत नाही.

सई गेल्या वर्षी एका मंडळात देवी झाली होती. मंडळाचं नाव इथं घेणार नाही, कारण प्रश्न एका मंडळाचा नाही. अंगावर जरीचा शालू, डोक्यावर पत्र्याचा मुकुट, तो हलू नये म्हणून केसांत टाचण्या, समोरून हॅलोजन. मुली पाणीच पीत नव्हत्या. पाणी प्यालं तर बाथरूमला जावं लागणार, बाथरूम म्हणजे गल्लीतल्या कुणाच्या तरी घरी, आणि तेवढ्यात पुढचा प्रयोग. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, तिला लघवीला जळजळ व्हायला लागल्यावर. कार्यकर्ते वाईट होते का? अजिबात नाही. पोरींना सख्ख्या बहिणीसारखं जपत होते. पण “या सात मुलींची जबाबदारी कुणाकडं आहे?” असं विचारल्यावर प्रत्येकजण म्हणाला, “आम्ही सगळेच आहोत की, वहिनी.”

मला बंदी नको आहे. सईला यंदाही काम करायचंय आणि मी तिला अडवणार नाही. मला नियम हवेत, आणि ते गल्लीतल्या मंडळाला पाळता येतील असे हवेत. आत्ता कायदा काय सांगतो आणि त्यात काय बदल मागायला हवा, यावर बोलूया.

वकील_शाहूपुरी

चांगला विषय. कायद्याचं आधी सांगतो.

मूळ कायदा १९८६ चा, बालकामगारांचा. २०१६ च्या दुरुस्तीनं १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला सरसकट बंदी आली. दोन अपवाद ठेवले : शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत, आणि कलाकार म्हणून काम. सर्कस या दुसऱ्या अपवादातून मुद्दाम बाहेर ठेवली आहे. सर्कशीतल्या मुलांबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच आदेश दिले होते. कलाकाराच्या व्याख्येत हौसेनं करणारा आणि पेशा म्हणून करणारा, दोघंही येतात. म्हणजे सई कायद्यानं कलाकारच आहे.

मग २०१७ चे नियम आले. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांतीशिवाय ३ तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. जास्तीत जास्त पाच मुलांमागं एक जबाबदार माणूस. कमाईतला निदान २० टक्के पैसा थेट मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. मुलाच्या मनाविरुद्ध काही करून घ्यायचं नाही. आणि निर्मात्यानं किंवा व्यावसायिक कार्यक्रमाच्या आयोजकानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, हमीपत्र द्यायचं. ते हमीपत्र सहा महिने चालतं.

गोम अशी की परवानगी आणि हमीपत्राची अट व्यावसायिक कार्यक्रमाला आहे. मंडळ तिकीट लावत नाही, पोरांना मानधन देत नाही. त्यामुळं माझ्या वाचनाप्रमाणं ५ तासांची मर्यादा सईलाही लागू व्हायला हवी, पण ती पाळली जाते का हे बघणारा कागदच कुठं तयार होत नाही. आणि दुसरी उणीव मला जास्त खटकते. या नियमांत तास आहेत, घड्याळ नाही. ते ५ तास सकाळी ९ ते २ असोत की रात्री ८ ते १, नियमाला फरक पडत नाही.

तालमीचा_कार्यकर्ता

वहिनी, सईला त्रास झाला ते वाचून वाईट वाटलं. आमच्या मंडळात असं झालं असतं तर मी स्वतः कान पकडून माफी मागितली असती.

पण दुसरी बाजू पण ऐका. आम्ही पोरं फरफटत आणत नाही. आईबापच मागं लागतात, आमच्या बारक्याला घ्या की म्हणून. एका देखाव्यापायी पोलीस स्टेशन, महापालिका, महावितरण असे उंबरे झिजवायला लागतात. सगळी पोरं नोकरी-धंदा सांभाळून हे करतात. त्यात आता कलेक्टर ऑफिसची परवानगी घातली, तीही पोरागणिक, तर मंडळं पोरं घेणंच बंद करतील. मग काय उरेल? हलणारे पुतळे आणि डॉल्बी. डॉल्बी आणि लेझरला पर्याय म्हणून आम्ही सजीव देखावा धरून ठेवलाय, वर्गणी कमी पडली तरी. नियम करताना हे ध्यानात घ्या, एवढीच विनंती आहे.

मोरेवाडी_नाका

माझा मुलगा मालिकांत काम करतो, त्यामुळं कागदाची बाजू मी जवळून बघितली आहे. परवानगी असते, हमीपत्र असतं, सह्या असतात, मुदत ठेवही आमच्या बाबतीत वेळच्या वेळी झाली. जे चांगलं आहे ते सांगायलाच हवं.

पण ५ तास मोजायचे कुठून? कॉलटाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, सकाळी ७ ची. मेकअप, कपडे, मग सीन लागायची वाट. ऊन गेलं, जनरेटर बंद पडला, मोठ्या कलाकाराची गाडी अडकली, की पोरगं बसून. संध्याकाळी विचारलं तर सांगतात, “कॅमेऱ्यापुढं अडीच तासच झालेत, अजून अर्धे बाकी आहेत.” अहो, ते पोर बारा तास घराबाहेर आहे! वाट बघणं हे लहान मुलाला कामापेक्षा जड जातं.

आणि एक गोष्ट सांगते, आजही आठवली की पोटात कालवतं. रडायचा सीन होता. त्याला रडू येईना. सेटवरच्या एकानं त्याच्या कानात सांगितलं, “तुझ्या आजीला दवाखान्यात नेलंय.” पोर हमसून हमसून रडलं, सीन एका टेकमध्ये ओके, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तेव्हा चहा आणायला गेले होते. गाडीत बसल्यापासून तो एकच म्हणत होता, आजीला फोन लाव. आजी फोनवर बोलली तरी त्याला खरं वाटेना. हमीपत्रात मानसिक आरोग्याचं कलम आहेच. पण त्याचा अर्थ काय, हे सेटवरच्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

बालनाट्यवाला

मोरेवाडी ताई, हे वाचून हात थरथरले.

मी मुलांची नाटकं बसवतो, राज्य बालनाट्य स्पर्धेला दरवर्षी उतरतो. मुलाला रडवायला खोटं सांगावं लागत नाही. मुलं खेळातून रडतात. आम्ही त्यांना श्वास शिकवतो, खांदे पाडायला शिकवतो, हुंदक्याआधी थांबायला शिकवतो. आणि सीन संपला की भूमिकेतून बाहेर यायचा खेळ ठरलेला असतो : पात्राचा टॉवेल खुंटीला लावायचा आणि स्वतःचं नाव मोठ्यानं ओरडायचं. याला दोन मिनिटं लागतात. पण ज्याला मुलांबरोबर काम करायचं शिक्षणच नाही, त्याला सीन ओके करायची घाई असते. म्हणून जबाबदार माणूस नेमताना नुसतं कुणाचं तरी नाव लिहून भागणार नाही, त्याला एक दिवसाचं का होईना प्रशिक्षण हवं.

माझी काळजी मात्र तालमीच्या कार्यकर्त्यासारखीच आहे. माझ्या नाटकात वीस मुलं असतात. प्रत्येकाचा वेगळा अर्ज, प्रत्येक गावच्या प्रयोगाला वेगळी परवानगी असं झालं तर माझी संस्था वर्षभरात बंद पडेल. आमच्याकडं कारकून नाही, फोटोकॉपीचे पैसे पण आम्हीच घालतो.

उचगावकर_लेस्टर

मी उचगावचा, गेली बरीच वर्षं इंग्लंडमध्ये. माझी मुलगी इथं नाट्यवर्गाला जाते, त्यामुळं इकडची पद्धत सांगू शकतो.

इथला कायदा १९६३ चा. तिकीट लावलेला प्रयोग असेल किंवा चित्रीकरण असेल तर मुलासाठी स्थानिक पालिकेचा परवाना लागतो. पण त्यात सवलती आहेत. शाळेचा कार्यक्रम असेल तर परवाना नको. गेल्या सहा महिन्यांत मुलानं तीनपेक्षा जास्त दिवस काम केलं नसेल, मानधन नसेल आणि शाळा बुडणार नसेल तर नको. आणि तुमच्या चर्चेला सगळ्यात उपयोगी म्हणजे संस्थेची मान्यता. हौशी नाट्यसंस्था एकदाच पालिकेकडं अर्ज करते, मुलांची काळजी कशी घेणार ते लिहून देते, आणि मान्यता मिळाली की तिच्यातल्या मुलांना वेगवेगळे परवाने लागत नाहीत. अट एकच, मुलांना खर्चापलीकडं पैसे द्यायचे नाहीत.

इथंही नियम जुने आणि किचकट होते, १९६८ चे. ते २०१४ मध्ये बदलले, २०१५ पासून लागू झाले. आता वयाप्रमाणं दोन वेगळे आकडे आहेत : मूल त्या जागी जास्तीत जास्त किती वेळ थांबू शकतं, आणि त्यातला प्रत्यक्ष कामाचा वेळ किती. पाच वर्षांखाली ५ तास आणि २ तास. ५ ते ८ वयाला ८ तास आणि ३ तास. ९ च्या पुढं साडेनऊ तास आणि ५ तास. मोरेवाडी ताईंच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे, कारण वाट बघणंही मोजलं जातं.

सोबतीला पालक किंवा शिक्षक नसेल तर पालिकेनं मान्य केलेला माणूस लागतो, एका माणसाकडं १२ पेक्षा जास्त मुलं नाहीत. म्हणजे पाच मुलांमागं एक हा आपला नियम इकडच्यापेक्षा कडक आहे. घड्याळही आहे : पाच वर्षांखालच्यांना रात्री १०, त्यापुढच्यांना ११.

पण खरं ते सांगतो. रस्त्यावरचा फुकट कार्यक्रम, ज्याचं चित्रीकरण नाही, तो इथल्या परवान्यातही सहसा येत नाही. त्यामुळं सजीव देखाव्याचं उत्तर तयार मिळणार नाही, ते आपल्यालाच शोधायला लागेल.

आखाडा_जुना

मर्दानी खेळाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडं सात-आठ वर्षांची पोरं-पोरी येतात. लाठी, फरीगदका, मग पट्टा. शिवजयंतीला, मिरवणुकीला मागणी असते. लोकांना बारक्या पोरीच्या हातात दांडपट्टा बघायला आवडतं, आणि ती फिरवतेही अशी की बघणाऱ्याचा श्वास अडकावा.

आमच्या वस्तादांची शिस्त अशी आहे की धारेचा पट्टा मिसरूड फुटल्याशिवाय हातात नाही, मुलींनाही त्याच वयात. डोळे बांधून लिंबू कापायचा प्रकार असेल तर लिंबू धरणारा माणूस मोठाच हवा, पोराच्या तळहातावर किंवा पोटावर लिंबू ठेवायचं नाही. पण सगळेच वस्ताद असे नाहीत. आता व्हिडिओ फिरायला लागलेत, तसं जो जास्त धोका दाखवेल त्याला जास्त निमंत्रणं. मी बघितलेल्या एका मिरवणुकीत पोराच्या पोटावर काकडी ठेवून तलवारीनं कापली. गर्दी, गुलाल, धक्काबुक्की, ट्रॅक्टरवरचा स्पीकर, आणि त्यात तलवार.

कला वाचवायची असेल तर हे थांबायला हवं. एखाद्या पोराला लागलं की लोक सगळ्या आखाड्यांकडं बोट दाखवतील. दहीहंडीत नाही का, उच्च न्यायालयासमोर २०१७ मध्ये १४ वर्षांखालच्यांना वर चढवणार नाही असं सरकारला सांगायला लागलं. तशी वेळ आपल्यावर येऊ नये. नियम वस्तादांना बसवून त्यांच्याकडूनच लिहून घ्या : कुठल्या वयात कुठलं हत्यार, कुठला प्रकार मिरवणुकीत नाही. बाहेरच्या माणसाला बोथट पट्टा आणि धारेचा पट्टा यातला फरकसुद्धा कळणार नाही.

राजारामपुरी_७

मंडळांच्या नृत्यस्पर्धांबद्दलही लिहा कुणीतरी. सहा वर्षांच्या मुली, मोठ्यांच्या ठेक्याची गाणी, मोठ्यांसारखे हावभाव, आणि पुढच्या रांगेतून नोटा उधळणारे काका लोक. टीव्हीवरच्या स्पर्धांबद्दल माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं २०१९ मध्ये वाहिन्यांना सूचना काढली होती, लहान मुलांकडून वयाला न शोभणारे हावभाव करून घेऊ नका म्हणून. चौकातल्या स्टेजला कोण सूचना काढणार? नोटा उधळणं बंद, ही पहिली अट घाला. बक्षीस द्यायचं तर पाकिटात, मुलीच्या नावानं.

तालमीचा_कार्यकर्ता

राजारामपुरी, शंभर टक्के. हे आम्ही आमच्याकडं आधीच बंद केलंय.

गुरुजी_करवीर

शिक्षक म्हणून दोन गोष्टी. शाळेचं स्नेहसंमेलन, स्वातंत्र्यदिनाची कवायत, लेझीम यांना कुठल्याही परवानगीत ओढू नका. शाळा जबाबदार असतेच.

दुसरी गोष्ट हजेरीची. मालिकेत काम करणारी मुलगी माझ्या वर्गात होती. शिक्षणात खंड पडणार नाही अशी सोय करायची, असं नियम सांगतो. प्रत्यक्षात काय होतं, तर प्रॉडक्शनचा माणूस येऊन शाळेचं पत्र घेऊन जातो. त्यानंतर आम्हाला कुणी काही विचारत नाही. ती मुलगी हुशार होती, संवाद पाठ करायची सवय असल्यानं कविता एका दमात म्हणायची. भागाकार मात्र मागं पडला तो पडलाच, कारण त्या आठवड्यात ती नव्हती आणि भागाकार चुकला की पुढचं सगळं अडतं. सेटवर शिकवायला कुणी होतं का, तर होतं, पण ते काय शिकवत होते ते मला माहीत नाही आणि मी काय शिकवत होतो ते त्यांना. वर्गशिक्षकाचा आणि सेटवरच्या शिक्षकाचा आठवड्याला एक फोन, एवढी अट घातली तरी मुलं वाचतील.

पन्हाळा_रोड

मी भटक्या समाजाच्या वस्तीवर शिकवायला जाते. या चर्चेत दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची मुलगी कुठं बसते? २०१७ च्या नियमांत पैशासाठी केलेला रस्त्यावरचा खेळ कलाकाराच्या सवलतीतून स्पष्ट वगळलाय. म्हणजे मालिकेतल्या मुलाला हमीपत्र, मुदत ठेव, जेवण, आणि रस्त्यावरच्या मुलीला थेट बंदी.

तिनं दोरीवर चालावं असं मी म्हणत नाही. खाली जाळी नसते, पडली तर आयुष्यभराचं. पण बंदीच्या पुढं काहीच नाही. पोलीस हटकतात, कुटुंब ढोलकी उचलून पुढच्या गावाला जातं, आणि आम्ही महिनाभर खपून शाळेत बसवलेली मुलगी परत पटावरून गळते. या मुलींचा तोल आणि ताकद बघा, जिम्नॅस्टिक्सच्या मॅटवर त्या काय करतील! नियमात सुधारणा मागताना यांच्यासाठी क्रीडा वसतिगृह, शिष्यवृत्ती असं काहीतरी मागा. नाहीतर हा धागा फक्त आपल्या घरातल्या मुलांचा होईल.

सईची_आई

पन्हाळा रोड ताई, बरं झालं लिहिलंत. मसुद्यात हे घेतेच.

पेठेतला_रसिक

सगळ्यांचं वाचलं. तरी एक शंका मनातून जात नाही. आपल्या मातीत कला पोरवयातच रुजली. गायक-नट केशवराव भोसल्यांचा जन्म कोल्हापूरचा, १८९० चा. अगदी पोरवयात स्वदेशहितचिंतक या नाटक मंडळीत गेले, आणि ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या भूमिकेनं नाव झालं. १९०८ मध्ये ललितकलादर्श ही स्वतःची नाटक कंपनी काढली तेव्हा ते विशीतही नव्हते. तेव्हा पाच तासांचा नियम असता तर केशवराव घडले असते का?

जुना_रंगकर्मी

रसिक, प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं.

केशवराव घडले ते अफाट गळ्यामुळं आणि तालमीमुळं. तालमीला कुणाचाच विरोध नाही. पण त्या काळच्या नाटक कंपन्यांत पोरांची अवस्था काय होती? पोटाला मिळायचं, अंगावर कपडा मिळायचा, गाणं मिळायचं. शाळा नाही, आईचं तोंड महिनोन्महिने नाही, कमाई आपल्या हातात नाही. ज्यांचा गळा वयात येताना फुटला, त्यांचं पुढं काय झालं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. आपण केशवरावांचं नाव घेतो, कारण ते तरले. आणि ‘शारदा’ हे नाटक कशावर होतं? अजाण मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावण्यावर. मुलांच्या वतीनं समाजानं बोललं पाहिजे, हेच ते नाटक १८९९ पासून सांगत आलंय.

ज्या थिएटरला त्यांचं नाव आहे ते ऑगस्ट २०२४ मध्ये, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री जळालं. आम्ही कितीतरी माणसं रस्त्यात उभी राहून रडलो. माझी मागणी आहे की गावात यापुढं जिथं जिथं नाट्यगृह उभं राहील, डागडुजी होईल, तिथं मुलांसाठी वेगळी रंगपटाची खोली हवी. मुलांचं स्वच्छतागृह, पाण्याची सोय, आणि आत कोण जातंय हे बघायला दारात एक बाई. आम्ही साठ-सत्तर वर्षांची माणसं आणि आठ वर्षांच्या मुली एकाच खोलीत कपडे बदलत आलोय. हे चुकीचंच होतं.

शिरोली_टोल

आणि रील्स? मुलांच्या नावानं आईबापांनीच काढलेली खाती? शूटिंग घरातच, तास मोजणार कोण, पैसे कुणाच्या खात्यात?

वकील_शाहूपुरी

शिरोली, राष्ट्रीय बाल हक्क आयोगाच्या २०२२ च्या मसुद्यात समाजमाध्यमं आणि ओटीटी घेतली होती. पण घरातल्या कॅमेऱ्यावर लक्ष ठेवणं हा वेगळा आणि मोठा विषय आहे. इथं मिसळला तर देखाव्याचं काम मागं पडेल. स्वतंत्र धागा काढा, मी लिहितो.

तोवर या विषयापुरतं सुचवतो. केंद्राचा कायदा आपण इथून बदलू शकत नाही, दुरुस्तीची मागणी पाठवू शकतो. पण गणेशोत्सवाआधी प्रशासन मंडळांच्या बैठका घेतंच. मंडपाच्या परवानगीच्या अर्जाला एक पान जोडायची मागणी आत्ताच करता येईल. त्याला नवा कायदा लागत नाही.

सईची_आई

मग हा कच्चा मसुदा. सगळ्यांचं ऐकून लिहिलाय, दुरुस्त्या सुचवा.

केंद्राकडं मागणी : परवानगी मुलागणिक नको, संस्थेगणिक द्या. जी तालीम, मंडळ, आखाडा, नाट्यसंस्था मुलांना मानधन देत नाही तिनं वर्षातून एकदा नोंद करावी, काळजी कशी घेणार ते लिहून द्यावं, मग प्रत्येक प्रयोगाला कलेक्टर ऑफिस नको. जिथं पैसा आहे तिथं मात्र आत्ताची परवानगी राहू दे, आणि ५ तासांच्या जोडीला मूल जागेवर एकूण किती वेळ थांबेल याची मर्यादा वयाप्रमाणं घाला. सेटवरच्या जबाबदार माणसाला प्रशिक्षण सक्तीचं. मुलाला घाबरवून, खोटं सांगून अभिनय करून घेणं हा नियमभंग, असं स्पष्ट लिहा. वर्गशिक्षकाशी संपर्क ठेवणं बंधनकारक. रस्त्यावर खेळ करणाऱ्या मुलांना हटकून सोडून देऊ नका, त्यांना क्रीडा प्रशिक्षणात जागा आणि वसतिगृह द्या. शाळेचे कार्यक्रम यातून बाहेर.

कोल्हापुरातल्या मंडळांसाठी यंदाचं एक पान : पाच मुलांमागं एका माणसाचं नाव आणि फोन नंबर, तो मंडपावर लावलेला. मुलांचे दोन संच, एकाआड एक प्रयोग. मंडपापासून हाकेच्या अंतरावर मुलांसाठी स्वच्छतागृह ठरवून ठेवायचं, आणि दर प्रयोगानंतर पाणी. धारदार हत्यार १८ च्या आत कुणाच्या हातात नाही. नोटा उधळणं बंद. आणि १४ वर्षांखालचं मूल रात्री १० नंतर देखाव्यात नाही.

आखाडा_जुना

हत्याराचं कलम बरोबर आहे. “धारदार हत्यारासमोरही नाही” एवढं जोडा. पोटावर काकडी ठेवून झोपलेल्या पोराच्या हातात काहीच नसतं.

सईची_आई

जोडलं.

तालमीचा_कार्यकर्ता

वहिनी, बाकी सगळं मान्य. दोन संच ही कल्पना तर मला फार आवडली, जास्त पोरांना संधी मिळेल आणि आईबापांची नाराजी पण कमी होईल. स्वच्छतागृहासाठी आमच्या समोरच्या घरात आत्ताच बोलून ठेवतो.

अडतंय ते १० वर. देखावे बघायला माणूस बाहेर पडतो तेच जेवून, नऊच्या पुढं. बाहेरगावचे लोक अकराला येतात. इंग्लंडात पाचाच्या पुढच्या पोरांना ११ पर्यंत चालतं, असं उचगावकरांनीच लिहिलंय. मग आमच्यावर १० का? ११ करा, मी बैठकीत सगळ्यांना राजी करतो.

उचगावकर_लेस्टर

माझा दाखला दिलाय म्हणून सांगतो. ११ हा आकडा एकटा उचलू नका. त्याच्याबरोबर दिवसाची एकूण मर्यादा आहे, जेवणाची ४५ मिनिटांची सुट्टी आहे, नेमलेला माणूस आहे. आणि इथं सकाळी सातला शाळा भरत नाही.

गुरुजी_करवीर

सकाळच्या अधिवेशनाची मुलं साडेसहाला रिक्षात बसतात. रात्री ११ ला प्रयोग संपला तर मेकअप उतरवून, घरी जाऊन झोपायला साडेबारा. सहा तास झोपही नाही, आणि तेही सलग पाच-सहा रात्री. त्या आठवड्यात माझ्या वर्गात कोण देखाव्यात आहे ते मला विचारावं लागत नाही.

मोरेवाडी_नाका

१० ला पाठिंबा. दहानंतरचे प्रयोग मोठ्या मुलांनी करावेत, १४ च्या वरची पोरं प्रत्येक पेठेत भरपूर आहेत. विषय निवडतानाच तसा निवडा, की लहान पात्राशिवायही देखावा उभा राहील.

तालमीचा_कार्यकर्ता

विषयाचं तुम्ही म्हणताय ते करता येईल. दहानंतर बाल शिवबाचा प्रसंग गाळून थेट राज्याभिषेक दाखवायचा, संहिता दोन तऱ्हेनं लिहायला लागेल. लिहिणारा आमचाच आहे, सांगतो त्याला.

येत्या रविवारी संध्याकाळी आमच्या तालमीत बैठक आहे, शेजारची चार मंडळं पण येणार आहेत. पान मी वाचून दाखवतो. दहाच्या अटीवर आवाज चढतील, हे आधीच सांगून ठेवतो. बायका-माणसं सहसा या बैठकीला नसतात, पण तुम्ही या. मी म्हणण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं त्यांना पटेल.

सईची_आई

येते. मोरेवाडी ताई, तुम्हीही चला माझ्याबरोबर. दहाच्या खाली-वर काही होणार नाही, हे मी तिथंही सांगणार. वकीलसाहेब, नियमांची मराठी प्रत शनिवारपर्यंत मिळाली तर पाचही मंडळांना एकेक देता येईल.

वकील_शाहूपुरी

शुक्रवारीच देतो. दहा प्रती काढतो, पोलीस ठाण्यालाही एक लागेल.